चार तास एकोणपन्नास मिनिटं

मोहर्लीच्या गेटवर सकाळच्या सफारीहून जिप्सी परत येतात तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाईल न्यायला बंदी, त्यामुळे वाघ दिसला असेल तर तो कॅमेऱ्यात असतो. पाहुणे खाली उतरतात, चहाला हात लावायच्या आधी फोटो फोनवर घेतात आणि घरी धाडतात. कुणाचं घर पुण्यात, कुणाचं लंडनला. लंडनला निघालेला फोटो गावच्या टॉवरवरून जमिनीतल्या फायबरमध्ये शिरतो, बहुधा मुंबई गाठतो आणि वर्सोव्याच्या वाळूखालून अरबी समुद्रात उतरतो. मोहर्लीहून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. तरी इथल्या वाघाची खबर परदेशी पोचणार की नाही, हे समुद्रतळाचा गाळ जागेवर बसून राहतो की नाही यावर ठरतं.

गाळ जागचा कसा सुटतो ते मी इथंच पाहिलं, इरई धरणाच्या काठावर. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं तसा काठ उघडा पडतो. वरून वाळून भेगाळलेला, आतून ओला. एका ढीवराचा डोंगा काठाला लागला, त्याचा हलका धक्का बसला आणि आठ-दहा हात लांबीची गाळाची पट्टी अलगद सुटली. आवाज असा काही झाला नाही. पट्टी पाण्यात गेली आणि फुटली. मग तिचा गढूळ ढग तळालगत उताराच्या दिशेनं चालू लागला. वरचं पाणी नितळच होतं, हालचाल सगळी खाली. जाळं बांधायला गाळात रोवलेली एक खुंटी वाटेत होती. ढग तिच्यापर्यंत पोचला, खुंटी जराशी थरथरली आणि आडवी झाली. ढीवर म्हणाला, "उपटली नाही जी, खालची मातीच गेली तिची."

समुद्रात पुरलेल्या केबलीचं नेमकं हेच होतं. आणि आपल्या किनाऱ्याशी जोडलेली अशी एक घटना आहे, जिची घड्याळातली वेळ नोंदलेली आहे. तारीख २८ नोव्हेंबर १९४५, वार बुधवार.

आदल्या रात्रीपर्यंत

दुसरं महायुद्ध संपून तीन महिनेही झाले नव्हते. देशाचं लक्ष लाल किल्ल्याकडे होतं. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला ५ नोव्हेंबरला सुरू झाला होता. मकरानच्या किनाऱ्याकडे कुणाचं लक्ष असण्याचं कारण नव्हतं.

मकरान म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानचा आणि त्याला लागून इराणचा किनारा. इथं अरबी भूपट्ट युरेशियाच्या पट्टाखाली सरकतो, वर्षाला काही सेंटिमीटर. सरकताना पाठीवरचा गाळही तो ओढून आणतो. हिमालयानं आणि बलुचिस्तानच्या डोंगरांनी लाखो वर्षं समुद्रात टाकलेला हा गाळ आहे आणि त्याची जाडी काही ठिकाणी सात किलोमीटरच्या घरात जाते. पृथ्वीवर जिथं जिथं एक पट्ट दुसऱ्याखाली जातो, त्यांत इतका जाड गाळ फार थोड्या ठिकाणी सापडतो. वखर ओढताना पुढे माती साठत जावी तसा हा गाळ किनाऱ्यापुढे घड्या पडून साठला आहे. त्यात मिथेन वायू कोंडलेला, पाणी कोंडलेलं, उतार तीव्र. वरून सगळं शांत.

या समुद्रात तारा पडून तेव्हा ऐंशी वर्षं होऊन गेली होती. १८६४ साली ग्वादरहून इराणच्या आखातातून फावपर्यंत तारायंत्राची केबल टाकली गेली. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजानं मुंबईहून एडनकडे केबल सोडली आणि मुंबई सुएझमार्गे थेट लंडनशी जोडली गेली. तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाचं वेष्टन, त्यावर लोखंडी तारांचं चिलखत. ती समुद्रात सोडून द्यायची. तळावर जिथं विसावेल तिथं विसावेल, पुढे गाळ तिच्यावर बसत राहील. तळ हा स्थिर असतो, असं त्या काळी सगळेच धरून चालत. १९४५ साली कराची आणि मस्कत यांना जोडणारी केबल अशाच विश्वासावर या गाळातून गेलेली होती.

पहाटे ३.२६ — मुंबईत लाट पोचायला ४ तास ४९ मिनिटं

पस्नी बंदराच्या दक्षिणेला समुद्राखाली भूकंप झाला. आजच्या मोजणीनुसार त्याची तीव्रता ८.१. पस्नी आणि ओरमारा झोपेत उद्ध्वस्त झाली. कराचीत सुमारे अर्धा मिनिट जमीन हलत राहिली. नगरपालिकेच्या इमारतीवरचं मोठं घड्याळ बंद पडलं. कराचीजवळच्या केप मोंझच्या दीपगृहाला इजा झाली.

आणि कराची–मस्कत केबल मुकी झाली.

या घटनाक्रमात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही ओळ. घड्याळ थांबलं ते जमीन हलल्यामुळे. केबल मात्र समुद्राच्या तळाशी होती, आणि नुसत्या हादऱ्यानं केबल सहसा तुटत नाही. तळाबरोबर तीही हलते आणि परत बसते. ती तुटते तिच्याखालचा तळ निघून गेला म्हणजे, किंवा उतारावरून आलेल्या गाळानं तिला ओढून नेलं म्हणजे. म्हणजे त्या रात्री समुद्राच्या तळाशी काहीतरी मोठं सरकलं होतं, आणि ते सांगणारी पहिली खूण तारघरात येऊन पडली होती. संदेश येत नाही, हाच संदेश होता. तो वाचायची विद्या तेव्हा कुणापाशीच नव्हती.

किनाऱ्याजवळ समुद्रात चिखलाचे ज्वालामुखी उसळले. चार छोटी बेटं वर आली. त्यातल्या एकातून सुटलेला वायू पेटला आणि ज्वाळा आकाशात उंच गेल्या. कोंडलेल्या गाळाला तोंड फुटलं की काय होतं, हे त्या बेटांनी उघड्यावर दाखवलं. केबलीच्या वाटेवर तेच पाण्याखाली चाललं होतं. ती बेटं पुढे लाटांनी धुऊन नेली. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये ग्वादरसमोर भूकंपानंतर असंच एक बेट वर आलं आणि काही वर्षांत नाहीसं झालं.

भूकंपाच्या लहरी दगडातून सेकंदाला सात-आठ किलोमीटर धावतात. मुंबई तिथून सुमारे बाराशे किलोमीटर. म्हणजे दोन-तीन मिनिटांत मुंबईच्या जमिनीखाली ती खबर पोचली होती. पाण्याला मात्र वेळ लागणार होता.

पहाटे ५ च्या आसपास — ३ तास बाकी

पस्नीच्या किनाऱ्यावर भूकंपापाठोपाठ पाणी चढलं होतं, पण नाश करणारी मोठी लाट आली ती दीड-दोन तासांनी. भूकंप इतका जवळ असताना लाट इतकी उशिरा का? हा प्रश्न शास्त्रज्ञांना पुढे अनेक दशकं छळत राहिला. पुष्कळांचं उत्तर तुटलेल्या केबलीकडे बोट दाखवतं: भूकंपानं समुद्रातल्या उतारावरचा गाळ सुटला, दरड कोसळावी तसा कोसळला, आणि त्यानं पाण्याला आणखी एक धक्का दिला. मकरानच्या किनाऱ्यावर किती माणसं गेली याचे आकडे ३०० पासून ४००० पर्यंत सांगितले जातात. मासेमारीची गावंच्या गावं होती ती. कोण मोजणार होतं?

गाळ सुटल्यानं केबल तुटते, हे आज आपण ठामपणे म्हणतो ते दुसऱ्या एका समुद्रातल्या नोंदींमुळे. मुंबईची लाट अजून तीन तास लांब आहे, तोवर ते दुसरं घड्याळ पाहू.

दुसरं घड्याळ: १८ नोव्हेंबर १९२९, अटलांटिक

कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड. त्याच्या दक्षिणेला ग्रँड बँक्स नावाचा उथळ समुद्र आणि त्याच्या कडेला खोल उतार. युरोप-अमेरिकेच्या तारा या भागातून एकमेकींना जवळजवळ समांतर गेलेल्या, पायऱ्यांसारख्या, वरून खाली. संध्याकाळी ५ वाजून २ मिनिटांनी ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. उतारावरच्या जवळच्या केबली लगेच गेल्या. इथपर्यंत नवल नाही.

मग ६ वाजून १ मिनिटानं त्यांच्या खालची केबल गेली. भूकंप थांबून ५९ मिनिटं झाली होती. रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी तिच्याही खालची. मध्यरात्र उलटून २ वाजून ३ मिनिटांनी पुढची. ३ वाजून २० मिनिटांनी आणखी एक. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजून १९ मिनिटांनी, म्हणजे भूकंपानंतर १३ तास १७ मिनिटांनी, शेकडो किलोमीटर दूरची शेवटची केबल तुटली. एकूण १२ केबली.

तारघरांची शिस्त अशी की संदेश कोणत्या मिनिटाला थांबला याची नोंद होतेच. कंपनीला प्रत्येक मिनिटाचा हिशेब लागतो. त्या नोंदी दोन दशकांहून जास्त काळ फाइलींत पडून राहिल्या. बहुतेकांनी भूकंपानं केबली तुटल्या म्हणून विषय मिटवला. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाच्या ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग यांनी त्या वेळा नकाशावर मांडल्या आणि त्यांना दिसलं की काहीतरी उतारावरून एकेक केबल तोडत खाली गेलं आहे. ते 'काहीतरी' म्हणजे गाळ मिसळलेलं जड पाणी, तळालगत धावणारा लोंढा. भूविज्ञानात त्याला टर्बिडिटी करंट म्हणतात. पुढच्या हिशेबांनुसार सुरुवातीला त्याचा वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटर होता, शेवटी विशीच्या घरात आला. सुमारे २०० घन किलोमीटर गाळ त्यात वाहून गेला.

इरईच्या काठावर मी जो ढग पाहिला तो हाच. फरक फक्त आकाराचा.

या लोंढ्याचं बळ कुठून येतं, तेही सांगायला हवं. गाळ मिसळलं की पाणी जड होतं. जड पाणी उतारावरून खाली धावतं. धावताना तळ खरवडून आणखी गाळ उचलतं, आणखी जड होतं, आणखी जोरात धावतं. उतार सपाट होईपर्यंत हे थांबत नाही. अशा लोंढ्यापुढे एक-दोन मीटर खोल पुरलेल्या केबलीला संरक्षण उरत नाही, कारण ज्या मातीत तिला पुरलं ती मातीच आधी निघून जाते.

१९२९ च्या त्या संध्याकाळी लाटही आली. साडेसातच्या सुमारास ती न्यूफाउंडलंडच्या ब्युरिन द्वीपकल्पावर आदळली, भूकंपानंतर अडीच तासांनी. एकूण २८ माणसं गेली. द्वीपकल्पाला बाहेर जोडणारी एकुलती एक तारेची लाइन आधीच वादळानं पडलेली होती. तिसऱ्या दिवशी पोर्शिया ही बोट बंदरात आली, तिच्यावर बिनतारी यंत्र होतं, तेव्हा कुठे जगाला कळलं. अडीच दिवस ती माणसं बर्फवाऱ्यात, घरं गमावून, एकटी होती. हे वाचताना माझा जीव दर वेळी थोडा गुदमरतो.

पहाटे ५.३० — २ तास ४५ मिनिटं

कराचीत पहिली लाट. बंदरातलं पाणी भलत्या वेळी चढलं आणि ओसरलं.

कराची आणि मुंबई तेव्हा एकाच देशात होती, एकाच टपाल-तार खात्याखाली. १९३६ पर्यंत तर कराची मुंबई इलाख्यातच मोडत असे. तिथं घड्याळ थांबलं, केबल तुटली, बंदरात पाणी चढलं. या तीन गोष्टी एका ओळीत मांडून मुंबईच्या कोळीवाड्यांना सांगावं, अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. हलगर्जीपणाचा दोष मी कुणावर ठेवत नाही. भूकंपानंतर समुद्र येतो, ही गोष्ट अरबी समुद्राच्या या काठाला तेव्हा माहीतच नव्हती.

सकाळी ७.०० — १ तास १५ मिनिटं

कराचीत दुसरी लाट. मुंबईत नुकतं उजाडलं होतं.

लाट एव्हाना खोल समुद्र ओलांडून मुंबईसमोरच्या उथळ मंचावर चढली होती. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो: तीन किलोमीटर खोलीवर ती ताशी सहाशे किलोमीटर धावते, ऐंशी मीटर खोलीवर शंभरावर येते. मुंबईपुढचा हा उथळ मंच तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो सर्वांत रुंद आहे तो याच भागात. त्यानंच लाटेचा वेग आणि बराचसा जोर खाल्ला. मुंबई वाचली ती या मंचामुळे, आणि चार तास एकोणपन्नास मिनिटं मिळाली तीही त्याच्यामुळेच.

७.५० — २५ मिनिटं

कराचीत तिसरी. वर्सोवा, दांडा, जुहू इथले मच्छीमार कामाला लागलेले. कार्तिक पौर्णिमा होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. वद्य पक्षातले भांगाचे दिवस. भांगाला भरती-ओहोटी मवाळ असते, हे कोळ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. उधाणाच्या दिवशी माणूस समुद्राकडे डोळा ठेवून असतो. भांगाला तो निर्धास्त असतो.

सकाळी ८.१५

समुद्र चढला. ज्यांनी पाहिलं त्यांनी पुढे सांगितलं की ते भरतीसारखंच होतं, फक्त भरतीच्या कितीतरी पट वेगानं. लाटेची भिंत वगैरे आली नाही. पाणी नुसतं वाढत गेलं, साडेसहा फुटांपर्यंत.

वर्सोव्याला मासे धरणारी पाच माणसं गेली. हाजी अलीपाशी सहा जण समुद्रात ओढले गेले. दांडा आणि जुहूला होड्यांचे दोर तुटले, होड्या वाहत गेल्या. मासेमारीला गेलेल्या कित्येकांना पोलिसांनी बाहेर काढलं. मुंबईत एकूण १५ जण वाहून गेले. बंदराला धक्का लागला नाही. आणि त्याच सव्वाआठला कराचीत चौथी लाट आली, चारांतली सर्वांत मोठी, साडेचार फुटांची.

पहिल्या लाटेनंतर पावणेतीन तासांनी सर्वांत मोठी लाट! याचं कारण गोव्यातल्या, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी कराची आणि मुंबईच्या भरतीमापकांच्या जुन्या नोंदी तपासून २०११ साली मांडलं. मकरानच्या उथळ किनारमंचावर लाटा अडकून पडल्या आणि तासन् तास किनाऱ्याला समांतर ये-जा करत राहिल्या. म्हणून पहिली लाट ओसरली की काठावर परतायचं नसतं. भूकंपावरचं टिपण हवामान खात्याच्या सी. जी. पेंडसे यांनी लगोलग लिहिलं होतं. आजच्या अभ्यासकांना आधी तिथंच जावं लागतं.

त्यानंतर

तांब्याच्या तारा गेल्या, काचेचे धागे आले. आज देशांमधला ९५ टक्क्यांहून जास्त डेटा समुद्राखालून जातो, उपग्रहावरून नव्हे. खोल समुद्रातली केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढी जाड असते. आतले धागे केसाएवढे. किनाऱ्यापासून साधारण हजार मीटर खोलीपर्यंत तिला गाळात पुरतात, एक ते दोन मीटर खाली. पुरायचं काम जहाजामागून ओढला जाणारा नांगर करतो; तो तळाला तास पाडत जातो आणि त्यात केबल सोडतो. मराठीत शेताचा तो नांगर आणि जहाजाचाही नांगरच. एका नांगरानं पुरलेली केबल दुसऱ्या नांगरानं उपटली जाते. जगभर वर्षाला दीडशे ते दोनशे वेळा केबली बिघडतात, त्यात सर्वांत मोठा वाटा मासेमारीच्या अवजारांचा आणि जहाजांच्या नांगरांचा. त्यापासून वाचवायला पुरणं हा उत्तम उपाय आहे.

पण पुरली म्हणजे ती तिथंच राहील, असं नसतं. वाळूच्या टेकड्या तळावर सरकत असतात. टेकडी पुढे गेली की केबल उघडी पडते, दोन उंचवट्यांच्या मध्ये दोरीसारखी लोंबकळते, प्रवाहानं थरथरत राहते आणि खडकावर घासून झिजते. टेकडी वर येऊन बसली तर उलटा त्रास: केबल इतकी खोल जाते की दुरुस्तीसाठी तिला वर ओढता येत नाही. विजेची केबल असेल तर जाड गाळाखाली तिची उष्णता कोंडते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात आणि पावसाळ्यानंतर समुद्र ती परत आणून टाकतो, हे जुहू-वर्सोव्याला फिरायला जाणारा कुणीही सांगेल. जी केबल एप्रिलमध्ये दोन मीटर खाली असते ती ऑगस्टमध्येही तेवढीच खाली असेल, असं गृहीत धरता येत नाही.

आणि मोठा लोंढा आला तर सगळीच गृहीतकं वाहून जातात. २६ डिसेंबर २००६ ला तैवानच्या दक्षिणेला भूकंप झाला. गाळाच्या लोंढ्यांनी नऊ केबली तोडल्या. अकरा जहाजं कामाला लागली, तरी दुरुस्तीला ४९ दिवस लागले. १४ ते १६ जानेवारी २०२० ला आफ्रिकेत काँगो नदीच्या मुखापुढच्या समुद्रदरीत लोंढा सुटला आणि अकराशे किलोमीटरहून लांब गेला. तिथं भूकंप नव्हताच. काही आठवडे आधी नदीला मोठा पूर आला होता, मुखाशी गाळ साठला होता, पुरेसं तेवढंच होतं. पश्चिम आफ्रिकेचं इंटरनेट त्यानं खिळखिळं केलं. सिंधू नदीच्या मुखापुढेही अशीच खोल दरी आहे, आणि मुंबईहून पश्चिमेला जाणाऱ्या काही केबली कराचीलाही उतरतात.

आता वर्सोवा. भारतात उतरणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबलींचा मोठा वाटा मुंबईत येतो, आणि त्यातला बराचसा वर्सोव्याच्या जेमतेम सहा किलोमीटरच्या पट्ट्यात. १९४५ ला समुद्र जिथं चढला तोच हा किनारा. एवढ्या मोठ्या देशानं आपला गळा असा एका मुठीत द्यावा, हे मला मान्य नाही. रत्नागिरी आहे, अलिबाग आहे, गोवा आहे, गुजरात आहे. पुढच्या केबली तिकडे उतरल्या पाहिजेत. दुरुस्तीसाठी आपण परदेशी जहाजांवर अवलंबून आहोत. भारतीय ध्वजाच्या जहाजांची गरज दूरसंचार नियामक प्राधिकरणानं २०२३ च्या शिफारशींत मांडली. ती जहाजं पाण्यात उतरायला हवीत.

यापेक्षाही मोठी गोष्ट एक आहे. १९४५ साली केबल तुटून खबर देऊन गेली. आज न तुटताही ती खबर देऊ शकते. केबलीवर ठरावीक अंतरानं संदेशाला जोर देणारी यंत्रं असतात. त्यांत पाण्याचा दाब आणि तळाचा हादरा मोजणारे संवेदक बसवता येतात. पोर्तुगालनं अझोर्स आणि मदेरा बेटांना जोडणाऱ्या नव्या केबलीत ते बसवायचं ठरवलं. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चालतं आणि भूकंपानंतर दहाएक मिनिटांत सूचना देतं. समुद्राखालच्या प्रत्येक नव्या भारतीय केबलीनं त्या केंद्राला आपले कान द्यावेत, एवढी मागणी सरकारकडे करायला आपल्याला कोणता मुहूर्त हवा आहे?

तोवर किनाऱ्यावरच्या वाचकांना एक विनंती. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही असाल, आणि समुद्र भरतीची वेळ नसताना भराभर चढू लागला, किंवा ओहोटी नसताना दूर ओसरला, तर मोबाईलवर बातमी शोधत थांबू नका. ती आणणारी तार तेव्हा तुटलेली असू शकते. माणसं गोळा करा, होडी सोडून द्या, उंचावर चला. आणि पहिली लाट ओसरली तरी काही तास खाली उतरू नका.